हे किरण कोणत्या ताऱ्याचे?

मागील वर्षीची १३ एप्रिलची रात्र. दुसऱ्या दिवशीच्या जयंतीची सजावट आटोपून वसतिगृहातील मुले गच्चीवर जमली होती. बाराच्या ठोक्याला अभिवादन करायचे असल्यामुळे कोणाच्याच डोळ्यांत झोप नव्हती. मोर्णेपलीकडच्या शहराचे दिवे लखलखत होते. दक्षिणेकडचे आकाश मात्र त्या मानाने काळे होते. सव्वाअकराच्या सुमारास मी मुलांना हस्त नक्षत्र दाखविले. हाताच्या पंजासारखे पाच तारे शेतकऱ्याच्या घरातील मुलांनी पटकन ओळखले. तेथून नजर सरळ खाली आणली की क्षितिजालगत त्रिशंकूचे तारे दिसतात. या दोहोंच्या मधल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या जागेकडे बोट करून मी म्हणालो, "येथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि तेथून गॅमा किरण येतात."

आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथे तर हजारो तारे असतील. मग किरण याच जोडीचे, हे कशावरून?"

मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. तेवढ्यात बारा वाजले, घोषणा सुरू झाल्या आणि विषय तेथेच थांबला. परंतु तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळले होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहिलेले उत्तर येथे सविस्तर देत आहे. त्यातील महत्त्वाचा भाग आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यातील खोडद या गावी घडलेला आहे.

१. अपुऱ्या पत्त्याचे पत्र

समजा, पावसात भिजलेले एक पत्र टपाल कार्यालयात आले. नाव पुसले गेले आहे, घर क्रमांक गेला आहे. केवळ "जुने शहर, अकोला" एवढीच अक्षरे शाबूत आहेत. पत्र खरे आहे, ते कोणाचे तरी आहे, यात शंका नाही. पण जुन्या शहरात घरे हजारो. पोस्टमनने समोर दिसेल त्या पहिल्या दारात ते टाकले तर चालेल काय? गॅमा किरणांच्या स्रोतांचे नेमके असेच होते.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि गॅमा किरण ही एकाच कुळातील भावंडे. फरक आहे तो ऊर्जेचा. ज्या गॅमा किरणांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्या एका कणाची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या एका कणापेक्षा कोट्यवधी पटींनी अधिक असते. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडविते, आणि ते आपल्या जिवाच्या दृष्टीने बरेच आहे. मात्र त्यांचा अभ्यास करायचा तर वातावरणाच्या बाहेर जावे लागते. त्यासाठी ११ जून २००८ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने फर्मी नावाची वेधशाळा अवकाशात सोडली.

फर्मीवरील मुख्य उपकरणात आरसा नाही आणि भिंगही नाही. एवढ्या ऊर्जेचा किरण आरशावरून परावर्तित होत नाही, तो आरपार जातो. म्हणून त्या उपकरणात टंगस्टन धातूचे पातळ थर एकावर एक रचलेले आहेत. गॅमा किरण अशा थरात शिरला की त्याचे रूपांतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन या कणांच्या जोडीत होते. त्या दोन कणांनी सोडलेल्या मागावरून मूळ किरण कोणत्या दिशेने आला, याचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब कधीच काटेकोर असू शकत नाही. पुष्कळ किरण जमा झाल्यावर त्यांची सरासरी काढूनही स्रोताची जागा काही कलांच्या वर्तुळातच सांगता येते. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची रुंदी सुमारे तीस कला असते. पाच-सात कलांचे वर्तुळ हे ऐकायला इवलेसे वाटते, परंतु मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्यास तेवढ्या जागेत शेकडो अंधुक तारे आणि दूरच्या दीर्घिका दिसतात. आपल्या पत्रावरील "जुने शहर" ते हेच.

फर्मीच्या पहिल्या अकरा महिन्यांच्या निरीक्षणांवरून २०१० मध्ये जी सूची प्रसिद्ध झाली, तिच्यात १,४५१ स्रोत होते. त्यांपैकी सहाशेहून अधिक स्रोतांचा धनी कोण, हे ठाऊक नव्हते. आठ वर्षांच्या निरीक्षणांवरील चौथ्या सूचीत स्रोतांची संख्या ५,०६४ झाली आणि तरीही तेराशेहून अधिक स्रोत अनोळखीच राहिले. दुर्बीण जितकी अधिक काळ पाहते, तितकी बिनपत्त्याची पत्रेही अधिक जमा होतात.

२. जोडताऱ्यांवरच संशय का?

आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याचा पृष्ठभाग काही हजार अंश तापलेला असतो. एवढ्या उष्णतेतून दृश्य प्रकाश निघतो. फर्मीला दिसणारे गॅमा किरण सतत निघण्यास ती फारच अपुरी आहे. त्यासाठी विद्युत्भारित कणांना प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ नेणारे एखादे यंत्र हवे. निसर्गात असे यंत्र म्हणजे न्यूट्रॉन तारा.

फार मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्फोटाने फुटतो, तेव्हा त्याचा गाभा आकसून न्यूट्रॉन तारा उरतो. त्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक, पण व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे एवढा तारा अकोला शहर आणि आसपासच्या गावांत मावेल. तो वेगाने फिरतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रचंड असते आणि त्याच्याकडून निघणारा किरणांचा झोत दीपगृहाच्या झोतासारखा अवकाशात फिरत राहतो. झोत पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका जाणवतो. अशा ताऱ्यास स्पंदक किंवा पल्सार म्हणतात.

एकटा स्पंदक कालांतराने मंदावतो. परंतु त्याला जोडीदार असेल तर गोष्ट बदलते. जोडीदार ताऱ्याचे बाहेरचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढले जाते, त्याच्याभोवती तबकडीच्या रूपाने फिरत राहते आणि हळूहळू त्याच्यावर पडते. पडणारे द्रव्य आपली गती ताऱ्याला देते, त्यामुळे म्हातारा झालेला स्पंदक पुन्हा वेग घेतो आणि सेकंदाला शेकडो फेऱ्या मारू लागतो. त्याची एक फेरी काही सहस्रांश सेकंदांत पूर्ण होते, म्हणून त्यास मिलिसेकंद स्पंदक असे नाव आहे. फर्मीच्या अनोळखी स्रोतांपैकी अनेकांच्या मागे असे स्पंदक निघाले, आणि त्यांतील बहुतेक जोडताऱ्यांत आहेत.

अशा काही जोड्यांत पुढे उलटा प्रकार घडतो. ज्याच्या द्रव्यावर स्पंदक तरुण झाला, त्याच जोडीदाराला तो आपल्या किरणांच्या माऱ्याने झिजवू लागतो. नराला खाणाऱ्या कोळिणींच्या जातींवरून शास्त्रज्ञांनी या जोड्यांना नावे दिली. जोडीदार फारच लहान उरला असेल तर ब्लॅक विडो, त्यापेक्षा बरा असेल तर रेडबॅक.

३. धनी ओळखण्याची खूण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्तुळात शेकडो तारे आहेत, आपला कोणता?

केवळ सान्निध्य हा पुरावा नव्हे. गॅमा-स्रोताच्या वर्तुळात एखादा विचित्र तारा सापडला, तर तो संशयित ठरतो एवढेच. ओळख पटायची तर अशी खूण हवी, जी दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. जोडताऱ्यांजवळ अशी खूण असते, आणि ती म्हणजे त्यांचे आवर्तन. दोन तारे एकमेकांभोवती ठरावीक काळात फिरतात. गॅमा किरण ज्या लयीत वाढतात-घटतात, त्याच लयीत जर वर्तुळातील एखाद्या ताऱ्याचा प्रकाशही वाढत-घटत असेल, तर तो योगायोग मानता येत नाही. ही लय एका टोकाने सापडली की दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते. दोन उदाहरणे पाहू.

पहिल्या उदाहरणात सुरुवात गॅमा किरणांपासून झाली. फर्मीच्या सूचीतील जे १०१८.६−५८५६ या स्रोताचे तेज दर साडेसोळा दिवसांनी वर-खाली होते, असे आढळले. मग त्याच वर्तुळातील एका तप्त, भव्य ताऱ्याजवळच्या क्ष-किरणांत आणि रेडिओ लहरींत तीच साडेसोळा दिवसांची लय मिळाली. धनी सापडला.

दुसऱ्या उदाहरणात सुरुवात दृश्य प्रकाशापासून झाली. जे १३११−३४३० या स्रोताच्या वर्तुळात २०१२ मध्ये एक अंधुक तारा सापडला, ज्याचा प्रकाश सुमारे ९४ मिनिटांत एक आवर्तन पूर्ण करीत होता. ही कक्षा हाती घेऊन संशोधकांनी फर्मीने चार वर्षांत जमविलेले गॅमा किरण तपासले आणि त्यांत २.५६ मिलिसेकंदांचा ठोका सापडला. दृश्य प्रकाशाने कक्षा सांगितली, गॅमा किरणांनी ठोका सांगितला. दोन्ही साक्षी जुळल्या.

४. नरतुरंगातील चुकलेली ओळख

गच्चीवरून मी दाखविलेली जागा नरतुरंग या तारकासमूहात आहे. तेथील जोडताऱ्याची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तिची सुरुवात एका चुकीच्या नावाने झाली.

या वस्तूचे क्ष-किरण फर्मीच्या आधीच सापडले होते आणि तिला एक्सएसएस जे १२२७०−४८५९ असे नाव मिळाले होते. २००६ च्या सुमारास तिचा वर्णपट घेतला गेला. त्यात हायड्रोजन आणि हेलियमच्या तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे कोणाचे तरी द्रव्य कोणावर तरी पडत होते. अशा रेषा ज्यांच्यात नेहमी दिसतात, त्या वर्गात तिची नोंद झाली. त्या वर्गातील जोड्यांत द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर पडत नाही, श्वेतबटूवर पडते. श्वेतबटू म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा थंडावत जाणारा गाभा. नोंद सूचीत गेली आणि प्रश्न संपल्यासारखा झाला.

परंतु पुढची निरीक्षणे त्या नोंदीशी जुळेनात. श्वेतबटूच्या फिरण्याची म्हणून जी लय सांगितली गेली होती, ती पुन्हा पाहता आढळली नाही. क्ष-किरणांत अचानक उसळ्या आणि अचानक खड्डे दिसू लागले. आणि २०१० च्या सुमारास लक्षात आले की फर्मीच्या पहिल्या सूचीतील जे १२२७.९−४८५२ या स्रोताच्या वर्तुळात हीच वस्तू बसते. त्या वर्गातील जोडतारे असे सतत गॅमा किरण देताना माहीत नव्हते. येथे दोनच शक्यता होत्या. एक तर वर्तुळात ही वस्तू योगायोगाने आली होती आणि खरा धनी दुसराच कोणी होता, किंवा वस्तूवर लावलेले नावच चुकीचे होते. न्यूट्रॉन ताऱ्याची शंका घेऊन रेडिओ ठोक्यांचा शोध घेतला गेला, पण ठोके मिळाले नाहीत.

मग स्वतः ताऱ्यानेच वागणे बदलले. २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ही वस्तू अंधुक झाली. दृश्य प्रकाश घटला, क्ष-किरण घटले, गॅमा किरणही जवळजवळ निम्म्यावर आले. वर्णपटातील तेजस्वी रेषा नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी एका साध्या, सूर्याशी मिळत्याजुळत्या ताऱ्याचा वर्णपट दिसू लागला. न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची तबकडी नाहीशी झाली होती. जोडीदाराचा प्रकाश आता कक्षेच्या लयीत बदलताना दिसत होता, आणि ती लय होती ६.९ तासांची. तबकडीच्या काळात ज्याचे ठोके ऐकू आले नव्हते, तो स्पंदक आता ऐकू येण्याची शक्यता निर्माण झाली.

५. खोडदची दुर्बीण

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे, शेतांच्या परिसरात, तारांच्या जाळीच्या तीस प्रचंड थाळ्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा थाळ्या मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात, तर उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली ती उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी दोरांच्या आधाराने ताणून थाळी करायची, ही त्यांची युक्ती. त्यामुळे थाळी हलकी झाली, वाऱ्याचा जोर कमी लागला आणि खर्च आटोक्यात राहिला. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालविते.

जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या देश-विदेशांतील सहकाऱ्यांनी या दुर्बिणीतून नरतुरंगातील त्या जागेवर ६०७ मेगाहर्ट्झला कान लावला. ही जागा खोडदहून दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त बावीस अंश वर येते. दुर्बीण जेवढे खाली पाहू शकते, त्या मर्यादेच्या जवळच. शिवाय त्या मार्गात तीन अडचणी होत्या, आणि स्पंदकाचा शोध म्हणजे काय हे त्या अडचणींवरूनच नीट कळते.

पहिली अडचण वाटेची. ताऱ्यांमधील जागा अगदी रिकामी नसते; तेथे विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. दुर्बीण तेव्हा ज्या सुमारे बत्तीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकत होती, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांत या ताऱ्याच्या बाबतीत सुमारे पन्नास मिलिसेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात ताऱ्याच्या तीस फेऱ्या होतात! म्हणजे एक ठोका पुढच्या तीस ठोक्यांत मिसळून जाणार. म्हणून पट्ट्याचे अनेक बारीक भाग करून, प्रत्येक भाग योग्य तेवढा मागे-पुढे सरकवून, मगच एकत्र करावा लागतो. किती सरकवायचे ते आधी माहीत नसते. असंख्य अंदाज एकामागून एक तपासावे लागतात.

दुसरी अडचण कक्षेची. स्पंदक आपल्याकडे येताना ठोके दाट होतात, दूर जाताना विरळ. हा स्पंदक कक्षेत फिरताना आपल्या दिशेने सेकंदाला सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने येतो आणि तितक्याच वेगाने दूर जातो. म्हणून ठोक्यांची लय स्थिर धरून चालत नाही; ती क्षणोक्षणी बदलते असे मानून शोधावी लागते.

तिसरी अडचण ग्रहणाची. जोडीदारापासून उडालेला वायू स्पंदकासमोर आला की रेडिओ लहरी अडतात. या जोडीत एका फेरीचा सुमारे चाळीस टक्के काळ ठोके ऐकूच येत नाहीत. नेमके त्याच वेळी निरीक्षण केले तर हाती शून्य लागणार.

या सर्वांतून वाट काढून ठोके सापडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ही वार्ता खगोलशास्त्रज्ञांना कळविण्यात आली आणि २०१५ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. आवर्तनकाल १.६९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५९३ फेऱ्या. ठोक्यांच्या दाट-विरळ होण्यातून काढलेली कक्षा ६.९ तासांची, म्हणजे प्रकाशाने सांगितली होती तीच. रेडिओ निरीक्षणांवरून अंतर आले सुमारे साडेचार हजार प्रकाशवर्षे. स्पंदकाला आता पीएसआर जे १२२७−४८५३ असे नाव मिळाले. श्वेतबटूची जुनी नोंद मागे पडली.

६. शेवटची साक्ष

येथे कोणी म्हणेल, झाले, धनी सापडला. चिकित्सक मनुष्य म्हणेल, अजून नाही. रेडिओ ठोके देणारा तारा आणि गॅमा किरण देणारा स्रोत एकाच वर्तुळात आहेत, एवढेच आतापर्यंत सिद्ध झाले. गॅमा किरणांतही तोच १.६९ मिलिसेकंदांचा ठोका आहे काय?

हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. फर्मीला अशा अंधुक स्रोताकडून किरण मिळतात ते अगदी मोजके, आणि दरम्यान तारा एका दिवसात पाच कोटींहून अधिक फेऱ्या मारून मोकळा होतो. एका किरणानंतर दुसरा येईपर्यंत लाखो ठोके निघून गेलेले असतात. मग लय कळणार कशी?

आपल्या वसतिगृहाची घंटा आठवा. दूरच्या एखाद्या घरी ती वाऱ्याच्या अनुकूलतेने महिन्यातून एखाददाच ऐकू येते, असे समजा. त्या घरातील माणसाने प्रत्येक वेळी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली आणि दोन वर्षांनी त्या सगळ्या नोंदी चोवीस तासांच्या एकाच तबकडीवर मांडल्या, तर खुणा काही ठरावीक वेळांभोवतीच दाटलेल्या दिसतील. मात्र त्यासाठी दिवस चोवीस तासांचा आहे, हे त्याला पक्के ठाऊक हवे. तेवीस तासांची तबकडी घेतली तर खुणा सर्वत्र विखुरतील आणि त्याला वाटेल की घंटा नाहीच.

खोडदच्या निरीक्षणांनी ही अचूक तबकडी पुरविली. ठोक्याचा काळ, कक्षा, स्थान यांचा हिशेब रेडिओ लहरींतून मिळाला. त्यानुसार फर्मीच्या प्रत्येक किरणाची वेळ मांडून पाहण्यात आली. तबकडी नाहीशी झाल्यानंतरच्या काळातील किरण खरोखरच ठरावीक जागी दाटलेले दिसले. २०१५ मध्येच हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पत्र योग्य दारात पोहोचले.

खोडदच्या दुर्बिणीने अशी इतर पत्रेही पोहोचविली आहेत. त्यांपैकी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला पीएसआर जे १५४४+४९३७ हा विशेष उल्लेखनीय. येथे आधी कोणी संशयित ताराच नव्हता. होते ते फक्त फर्मीचे वर्तुळ. खोडदच्या एकेका थाळीची नजर ६०७ मेगाहर्ट्झला सुमारे चाळीस कला आणि त्याहून खालच्या वारंवारतेला त्याच्या दुप्पट रुंद असते, म्हणजे फर्मीचे संपूर्ण वर्तुळ एकाच वेळी तिच्यात मावते. त्या रुंद नजरेत २.१६ मिलिसेकंदांचा स्पंदक मिळाला. त्याचा जोडीदार २.९ तासांत एक फेरी करतो आणि त्याचे वस्तुमान किमान गुरू ग्रहाच्या अठरा पटींइतके, म्हणजे ताऱ्याच्या मानाने नगण्य. ही ब्लॅक विडो वर्गातील जोडी.

रुंद नजरेचा तोटाही असतो: तारा आहे हे कळते, पण तो नेमका कोठे आहे ते कळत नाही. त्यावर रॉय आणि भट्टाचार्य यांनी एक सुंदर उपाय केला. ठोका चालू असतानाच्या क्षणांचे एक चित्र आणि ठोका बंद असतानाच्या क्षणांचे दुसरे चित्र दुर्बिणीतून तयार करायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. सतत चमकणारे सर्व स्रोत वजाबाकीत पुसले जातात; उरतो तो फक्त ठोके देणारा. एरवी ज्या अचूक स्थानासाठी वर्षभर ठोके मोजत बसावे लागते, ते या पद्धतीने फार लवकर हाती येते. त्याच बळावर या स्पंदकाचेही गॅमा ठोके सापडले आणि त्याची ओळख पक्की झाली.

७. उत्तर

त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात असे देता येईल. किरण याच जोडीचे, हे एका साक्षीवरून ठरले नाही. वर्तुळाने परिसर सांगितला. दृश्य प्रकाशाने ६.९ तासांची कक्षा सांगितली; रेडिओ ठोक्यांनी तीच कक्षा स्वतंत्रपणे सांगितली आणि सोबत १.६९ मिलिसेकंदांची लय दिली. शेवटी गॅमा किरणांनी ती लय मान्य केली. वर्तुळातील दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याला ही सगळी लक्षणे एकाच वेळी लागू पडत नाहीत.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुनी नोंद करणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्यासमोर जो वर्णपट होता, त्यावरून निघणारा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु एकदा नाव लागले म्हणून पुढच्यांनी तपासणे सोडले असते, तर हा स्पंदक आजही चुकीच्या नावाने सूचीत पडून राहिला असता. तो सापडला, कारण काही जणांना न जुळणाऱ्या गोष्टी खटकल्या आणि त्यांनी पुन्हा पाहिले. पहिल्या प्रयत्नात ठोके मिळाले नाहीत, याचा अर्थ ठोके नाहीत असा त्यांनी घेतला नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज शिक्षक आहेत, पालक आहेत. मूल जेव्हा "हे कशावरून?" असे विचारते, तेव्हा "पुस्तकात लिहिले आहे" हे उत्तर सोयीचे असते; माझ्या तोंडीही ते अनेकदा येते. त्या रात्री ते आले नाही, ते केवळ बारा वाजल्यामुळे. त्या मुलीचा प्रश्न आणि खोडदच्या संशोधकांचा प्रश्न एकच होता. तिच्याजवळ दुर्बीण नव्हती, एवढाच काय तो फरक.

ज्यांना ती जागा स्वतः पाहायची असेल, त्यांच्यासाठी खूण सांगतो. एप्रिलच्या मध्यास रात्री सव्वाअकराला किंवा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हात समोर लांब करून वीत पसरा; करंगळी क्षितिजावर टेकविली की अंगठा सुमारे वीस अंशांवर येतो. तेथे नरतुरंगातील गॅमा सेंटॉरी हा ठळक तारा दिसेल. त्याच्या नावातील गॅमा हे केवळ ग्रीक अक्षर आहे, किरणांशी त्याचा संबंध नाही. त्या ताऱ्याच्या उजवीकडे चंद्रबिंबाच्या चौपट रुंदीइतके अंतर मोजा. तेथे डोळ्यांना काहीही दिसणार नाही. सेकंदाला ५९३ फेऱ्या मारणारा तो तारा तेथेच आहे.

ती विद्यार्थिनी आता नववीत आहे. हा लेख छापण्यास देण्यापूर्वी मी तिला वाचावयास दिला. वाचून झाल्यावर तिने विचारले, "सर, तबकडी गेली ती परत येईल का?" तिला सांगितले की अशाच दुसऱ्या एका जोडीत, जे १०२३+००३८ मध्ये, २०१३ साली गेलेली तबकडी परत आली, रेडिओ ठोके पुन्हा थांबले आणि गॅमा किरण कित्येक पटींनी वाढले. नरतुरंगातील जोडीत तसे होईल की नाही, हे पाहत राहिल्यानेच कळेल.